पिनचे कार्ड की सहीचे कार्ड? ब्रिटनमधील ज्येष्ठ आणि अपंग ग्राहकांसाठी तुलनात्मक आढावा

ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात कार्डाने पैसे देताना सहीऐवजी चार आकडी पिन दाबणे हा सर्वसाधारण नियम झाला. हा बदल एका दिवसात घडलेला नव्हता. मे २००३ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे त्याची चाचणी सुरू झाली, पुढे देशभर नवी कार्डे आणि नवी मशीने पोहोचवली गेली, आणि १ जानेवारी २००५ पासून बनावट कार्डाच्या नुकसानीची जबाबदारी चिप-पिनची, म्हणजे कार्डावरची चिप वाचून पिन विचारण्याची, सोय न केलेल्या दुकानदाराकडे वळवण्यात आली. दुकानदारांच्या मनात सहीविषयी जी भीती बसली तिचे मूळ या शेवटच्या टप्प्यात आहे. सही घेतली तर उद्या पैसे आपल्या खिशातून जातील, असा त्याचा अर्थ अनेक दुकानांच्या गल्ल्यांवर लावला गेला आणि सही करू पाहणाऱ्या ग्राहकांना नकार मिळू लागला. त्यांतले काही ग्राहक असे होते की ज्यांच्या बँकेने त्यांना सहीचेच कार्ड दिले होते.

हा गोंधळ आजही पूर्ण मिटलेला नाही. ज्यांच्या घरी हात थरथरणारे, दृष्टी अधू झालेले किंवा आकडे लक्षात न राहणारे आई-वडील आहेत, किंवा ज्यांना स्वतःलाच ही अडचण आहे, त्यांना बँकेकडून कोणते कार्ड मागावे हा प्रश्न पडतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही पहिली पिढी आता या वयाला पोहोचली आहे. हा आढावा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

निर्णयाआधी एक भेद समजून घ्यावा लागतो, कारण दुकानातील बहुतेक वाद तो न कळल्यामुळे होतात. सही करून पैसे देऊ इच्छिणारा ग्राहक तीन वेगवेगळ्या परिस्थितींत असू शकतो. पहिल्या परिस्थितीत कार्ड पिनचेच असते, पण ग्राहक पिन विसरलेला असतो आणि सहीवर भागवावे अशी विनंती करतो. तेव्हा पिन टाळून व्यवहार पुढे नेणे हे दुकानदारासाठी जोखमीचे असते आणि बँकही असा व्यवहार नाकारू शकते, म्हणून दुकानदाराने नाही म्हटले तर त्यात गैर काही नाही. दुसऱ्या परिस्थितीत कार्ड परदेशी असते. २००६ मध्ये भारतातून लंडनला गेलेल्या प्रवाशांकडे चुंबकीय पट्टीची, सहीवर चालणारी कार्डे असत, आणि अशी कार्डे घेण्यास दुकानांना मनाई नव्हती. तिसरी परिस्थिती आपल्या विषयाची आहे: कार्ड ब्रिटिश बँकेचे आहे, त्यावर चिपही आहे, मात्र ते मुद्दाम सहीवर चालेल असे तयार करून दिलेले आहे. या तिन्ही ग्राहकांना 'सहीवाले' या एकाच गटात टाकले गेले आणि पहिल्याला मिळणारा नकार तिसऱ्याच्याही वाट्याला आला.

तिसऱ्या प्रकारात मशीन नेमके काय करते ते पाहिले की शंका राहत नाही. प्रत्येक चिपमध्ये ग्राहकाची ओळख कशी पटवावी याची एक क्रमवार यादी साठवलेली असते. नेहमीच्या कार्डात पिन अग्रक्रमाने येतो आणि सहीच्या कार्डात सही. कार्ड खाचेत घातल्यावर मशीन ती यादी वाचते, सहीचे कार्ड असेल तर पिन विचारतच नाही आणि सहीसाठी पावती छापते. विक्रेत्याला कोणतेही बटण दाबून काही टाळावे लागत नाही. कार्ड चिपनेच वाचले गेल्यामुळे आणि सहीची अट स्वतः बँकेने घातलेली असल्यामुळे, २००५ मध्ये दुकानदाराकडे वळवलेली जबाबदारी या व्यवहाराला लागू होत नाही. दुकानदाराने पाठीमागची सही ताडून पाहावी, एवढेच त्याचे काम उरते.

आता प्रत्यक्ष तुलना करू.

शरीर आणि स्मरण यांच्या दृष्टीने पाहता पिनच्या कार्डाची मागणी दुहेरी आहे: आकडे लक्षात असले पाहिजेत आणि ते लहान कळांवर, मागे रांग उभी असताना, अचूक दाबता आले पाहिजेत. कळा असलेल्या मशीनवर पाचच्या आकड्यावर उंचवटा असतो, त्यामुळे दृष्टिहीन व्यक्तीलाही सरावाने पिन दाबता येतो, परंतु गुळगुळीत काचेच्या पडद्याची मशीने आली तेथे हा आधार नाहीसा होतो. तीनदा चुकीचा पिन दाबला गेला की पिन बंद पडतो आणि तो पुन्हा सुरू करण्यासाठी एटीएमपर्यंत जाऊन तेथे योग्य पिन द्यावा लागतो. ज्याला पिन आठवतच नाही त्याला हा उपाय कुचकामी आहे. सहीच्या कार्डाला आकडे लागत नाहीत, पण सही लागते, आणि संधिवाताने किंवा कंपवाताने ज्यांची सही दर वेळी बदलते त्यांची सही न जुळल्याचे कारण पुढे करून विक्रेता हरकत घेऊ शकतो. म्हणून अडचण बोटांची आहे की स्मरणाची, हे आधी नीट पाहावे. स्मरणाची असेल तर सहीचे कार्ड स्पष्टपणे सोयीचे आहे. बोटांची असेल तर दोन्ही हाताळून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

जेथे माणूस नसतो तेथे पिनचे कार्ड निर्विवाद सरस आहे. रेल्वे स्थानकातील तिकीट यंत्र, वाहनतळाचे यंत्र, पंपावरच पैसे घेणारी सोय या ठिकाणी सही पाहायला कोणी नसल्यामुळे सहीचे कार्ड नाकारले जाण्याची शक्यता मोठी असते. स्वतः बिल करण्याच्या गल्ल्यावर कर्मचाऱ्याला बोलवावे लागते. रोख काढण्यासाठी एटीएमला तर पिनच लागतो. त्यामुळे सहीचे कार्ड घेताना रोख रक्कम कशी मिळेल, शाखेतून, टपाल कार्यालयातून की त्याच कार्डाला एटीएमपुरता पिन मिळेल, हे बँकेला आधीच विचारावे. जो ज्येष्ठ नागरिक एकट्याने रेल्वेने फिरतो किंवा गाडी चालवतो त्याची रोजची गैरसोय या एका कारणाने बरीच वाढू शकते.

चोरीच्या बाबतीत पिनचे पारडे जड आहे. सहीचा नमुना कार्डाच्या पाठीवरच असतो आणि टपालात चोरलेल्या नव्या कार्डावर तर चोर आपलीच सही करू शकतो. गल्ल्यावर सही किती काळजीपूर्वक पाहिली जाते हेही सर्वांना ठाऊक आहे. तरीही पिन अभेद्य आहे असे समजणे चुकीचे ठरेल. मे २००६ मध्ये, म्हणजे नवा नियम लागू होऊन तीन महिनेच झाले असताना, शेल कंपनीला आपल्या पेट्रोल पंपांवर चिप-पिनचा वापर तात्पुरता थांबवावा लागला होता, कारण ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे १० लाख पौंड लंपास झाले होते. २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्हन मर्डॉक, सार ड्रायमर, रॉस अँडरसन आणि माइक बाँड यांनी दाखवून दिले की चोरलेले कार्ड आणि मशीन यांच्या मध्ये एक उपकरण बसवून मशीनला 'पिन बरोबर आहे' असे भासवता येते, तर कार्डाचा समज असा राहतो की व्यवहार सहीने होत आहे. त्या स्थितीत कोणतेही चार आकडे दाबले तरी व्यवहार होत असे आणि पावतीवर पिन तपासल्याची नोंद येत असे.

या शोधाचे महत्त्व तंत्रापेक्षा जबाबदारीच्या प्रश्नात अधिक आहे, आणि माझ्या मते निर्णय येथेच व्हायला हवा. सहीच्या व्यवहाराबद्दल वाद झाला तर एक कागद पुढे येतो आणि 'ही माझी सही नाही' असे ग्राहकाला म्हणता येते. पिनच्या व्यवहारात ग्राहकाच्या हाती असा कोणताही पुरावा नसतो. बँकेच्या संगणकातील नोंद एवढीच गोष्ट समोर असते. कायद्याने या असमतोलाची दखल घेतलेली आहे. २०१७ च्या पेमेंट सर्व्हिसेस रेग्युलेशन्सनुसार कार्ड वापरले गेल्याची नोंद केवळ तेवढ्यानेच ग्राहकाची संमती सिद्ध करण्यास पुरेशी ठरेल असे नाही, आणि हरवलेल्या किंवा चोरीच्या कार्डावरील अनधिकृत व्यवहारात ग्राहकावर पडणारा भार सर्वसाधारणपणे ३५ पौंडांपर्यंतच मर्यादित आहे. मात्र ग्राहकाने पिन सुरक्षित ठेवण्यात गंभीर हलगर्जीपणा केला असेल तर ही मर्यादा उरत नाही आणि संपूर्ण नुकसान त्याच्या माथी येऊ शकते.

आपल्या घरांमध्ये नेमके हेच घडते. आईला पिन आठवत नाही म्हणून तो मुलाला माहीत असतो, सुनेला माहीत असतो, सामान आणून देणाऱ्या मदतनीस बाईंनाही सांगितलेला असतो, किंवा कार्डाच्या पाकिटातच चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असतो. यामागे विश्वास असतो, प्रेम असते, पण बँकेच्या दृष्टीने तो पिन उघड झालेला असतो, आणि एखादे दिवशी खात्यातून खरोखरच पैसे गेले तर त्या वृद्ध व्यक्तीची बाजू लंगडी पडते. वर सांगितलेला पिनचा सगळा सुरक्षिततेचा लाभ तो एकाच व्यक्तीला ठाऊक असेपर्यंतच खरा आहे. तो ज्या घरात गुप्त राहू शकत नाही त्या घरासाठी सहीचे कार्ड, त्याच्या सर्व उणिवांसह, अधिक सुरक्षित आहे असे मी ठामपणे म्हणेन. आणि दुसऱ्या कोणी खरेदी करायचीच असेल, तर बँकेला रीतसर कळवून त्या व्यक्तीच्या नावे परवानगी किंवा वेगळे कार्ड घेणे हाच योग्य मार्ग आहे.

दुकानातील नकाराच्या भीतीने सहीचे कार्ड टाळू नये. २००६ मध्ये अपंगांविरुद्धच्या भेदभावाला मनाई करणारा १९९५ चा कायदा होता. आज इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे, आणि त्यानुसार सेवा देणाऱ्याने अपंग ग्राहकासाठी वाजवी सोय करणे बंधनकारक आहे. मशीन स्वतःहून सही मागत असताना केवळ पिन नाही म्हणून ग्राहकाला परत पाठवणे या कर्तव्याशी विसंगत ठरू शकते. प्रत्यक्ष गल्ल्यावर मात्र कायद्याचा उल्लेख करण्यापेक्षा 'कार्ड आधी मशीनमध्ये घाला, मशीन सही मागेल' हे वाक्य अधिक उपयोगी पडते, कारण बहुतेक नकार कार्ड आत जाण्यापूर्वीच दिले जातात.

स्पर्शाने चालणाऱ्या कार्डांनी या तुलनेचे स्वरूप बरेच बदलले आहे. ही सोय ब्रिटनमध्ये २००७ मध्ये १० पौंडांच्या मर्यादेने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती मर्यादा १०० पौंडांपर्यंत गेली. किराणा, औषधे, बसभाडे यांसारख्या रोजच्या खर्चात पिन किंवा सही यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. ठरावीक व्यवहारांनंतर किंवा मोठ्या रकमेला मशीन ओळख मागते तेव्हाच दोन कार्डांतला फरक समोर येतो. ज्यांना मोबाइल सहज हाताळता येतो त्यांना बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने पैसे देता येतात. मात्र ज्यांच्यासाठी हा आढावा आहे त्यांतील अनेकांना मोबाइल हेच मोठे ओझे वाटते, म्हणून मोबाइलला कार्डाचा पर्याय न मानता जोड मानणे बरे.

भारतातून काही महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांचा प्रश्न निराळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतात डिसेंबर २०१३ पासून दुकानांतील डेबिट कार्डाच्या व्यवहाराला पिन लागतो, तेव्हा सहीचा पर्याय त्यांच्यापुढे सहसा नसतोच. त्यांनी निघण्यापूर्वी कार्डावरील परदेशातील वापर सुरू करून घ्यावा, कारण ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू करून दिली जातात. ऑस्ट्रेलियातील कुटुंबांनी एवढे ध्यानात ठेवावे की तेथे १ ऑगस्ट २०१४ पासून सहीचा सर्वसाधारण पर्याय बंद झाला, तरी पिन वापरू न शकणाऱ्यांना वेगळी सोय मागता येते. अमेरिकेत उलट चिपबरोबर सहीच टिकली आणि २०१८ मध्ये प्रमुख कार्ड कंपन्यांनी तीही सक्तीची ठेवली नाही.

ब्रिटनमधील निर्णयापुरते बोलायचे तर, ज्यांना पिन आठवतो, स्वतः दाबता येतो आणि जे एकट्याने प्रवास करतात त्यांनी पिनचेच कार्ड ठेवावे. ज्यांचा पिन आज घरात दुसऱ्या कोणाला तरी माहीत आहे, त्यांनी बँकेत सहीच्या कार्डाचा अर्ज करावा, अर्ज करताना रोख रकमेची सोय विचारून घ्यावी आणि कार्ड हाती आल्यावर पाठीमागे लगेच सही करावी. पहिली खरेदी ओळखीच्या दुकानात, गर्दी नसलेल्या वेळी आणि सोबत कोणी असताना करावी, म्हणजे विक्रेत्यालाही मशीन सही मागताना एकदा पाहता येईल.