मसल वाढवून देतो म्हणाले आणि उंची वाढवून दिली : ६६,२६९ रुपयांचा अनुभव

६६,२६९ रुपये, एका फिटनेस स्टुडिओत, म्हणजे जिममध्ये, गेलेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण गेले काही महिने घरात, ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये सगळे "पण नक्की किती गेले?" एवढंच विचारतायत आणि ऐकल्यावर चेहऱ्यावर जे हसू दाबतात ना, त्याचा आता वीट आलाय. हिशोब घ्या. बॉडी ॲनालिसिस आणि रजिस्ट्रेशन १,४९९ (हे पॅकेजमधून वजा होणार होते, झाले नाहीत), पॅकेज ३८,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ४४,८४०, लोनची प्रोसेसिंग फी १,१८०, प्रोटीन पावडरचे दोन डबे ८,४००, फॅट बर्नर कॅप्सूल ३,६०० आणि "हॉर्मोन बॅलन्स किट" नावाचं काहीतरी ६,७५०. बेरीज करून बघा. मी अकाउंट्समध्ये आहे, बेरीज चुकत नाही माझी. हो, अकाउंट्समध्येच आहे, घ्या हसून.

पद्धत तुम्हाला माहितीच आहे. रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये फ्री कॅम्प, एक स्टँडी, दोन टी-शर्टातली पोरं, आणि "डिटेल रिपोर्ट हवा असेल तर आमच्या स्टुडिओत या मॅडम". कोथरूडमधला तो स्टुडिओ, काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो. नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

आता मला कुणी "एवढी शिकलेली बाई कशी फसली" असं ऐकवण्याआधी सांगते, मी काही चहा पिऊन बारीक व्हायच्या नादाला लागले नव्हते. वय ४८, पाळीचा घोळ सुरू झालेला, दोन वर्षांत कमरेचा घेर वाढत गेला, आणि आमच्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितलेलं की आता नुसतं वजन कमी करणं पुरेसं नाही, तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि पाळी जाताना ते आणखी झपाट्याने होतं, तर आठवड्यातून किमान दोन दिवस वजनं उचला आणि जेवणात प्रोटीन वाढवा. हे खरंच आहे. आणि तो कोचही शब्दन्‌शब्द हेच बोलत होता! सार्कोपेनिया (म्हणजे वयाने स्नायू झिजणं), प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड (म्हणजे उचलायचं वजन हळूहळू वाढवत नेणं), सगळं बरोबर. हे लोक धडधडीत खोटं बोलत नाहीत हो, बारा आणे खरं बोलतात आणि चार आण्यांत तुमचा खिसा कापतात.

चार आणे म्हणजे ही गॅरंटी : १२ आठवड्यांत १२ किलो चरबी कमी आणि ४ किलो मसल जास्त. आता बघा, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १२ किलोचे ९२,४०० झाले, भागिले ८४ दिवस, म्हणजे रोज १,१०० कॅलरीचा खड्डा, आणि एवढं उपाशी राहून वरून ४ किलो स्नायू? पंचविशीतल्या पोराला नाही जमत ते. पण तिथे एसीत बसून समोर गोड बोलणारा माणूस असताना कॅल्क्युलेटर कोण काढतं, तुम्ही काढला असता का, खरं सांगा.

पैसे एकदम नको म्हणाले, "नो कॉस्ट ईएमआय करून देतो". ४,८४० तिथेच भरले, उरलेले ४०,००० पाच-पाच हजाराचे आठ हप्ते. पोराने माझाच फोन हातात घेऊन फटाफट सगळं भरलं, आला ओटीपी, विचारला, सांगितला. मला वाटलं जिमला हप्त्याने पैसे देतेय. तसं नसतं. एक फायनान्स कंपनी पूर्ण रक्कम जिमला त्याच दिवशी देऊन मोकळी होते आणि ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं, जिम राहो नाहीतर जावो. फोन स्वतःच्या हातात ठेवा. की फॅक्ट स्टेटमेंट म्हणून कर्जाचं व्याज, फी, हप्ते सगळं एकत्र लिहिलेला कागद असतो तो मागा, आणि अशा ॲपवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कूलिंग-ऑफ पिरियड द्यावा लागतो, किमान एक दिवसाचा, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. मला हे कुणी सांगितलं? कुणी नाही.

आता ती जागा, जी आठवली की अजून कानशिलं तापतात.

तिसऱ्या आठवड्यात त्या मशीनवर परत उभं केलं. पहिल्यांदा संध्याकाळी, चहा-पोहे पोटात असताना केलेलं, या वेळी सकाळी उपाशीपोटी बोलावलं (हाही डाव, ती मशीन शरीरातून बारीक करंट सोडून पाण्याच्या अंदाजाने चरबी-स्नायू काढते, खाणं-पाणी बदललं की आकडे बदलतात). कागद बाहेर आला, कोचने तो टेबलावर ठेवला, डाव्या हाताचा अंगठा वरच्या कोपऱ्यावर, उजव्या हातात हिरवं स्केचपेन, आणि मसलच्या पट्टीभोवती गोल काढला. "बघा मॅडम! बीएमआय ३२.५ वरून २७.९! मसल वाढलाय!" मागच्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी लाजले, खूश झाले, कागद घडी घालून पर्समध्ये टाकला, आणि त्याच टेबलावर फॅट बर्नर, किट आणि पावडरचा दुसरा डबा मिळून १४,५५० रुपये यूपीआय केले.

वजन ७४.२ चं ७२.४ झालेलं. १.८ किलो. तेवढ्यात बीएमआय साडेचारने उतरतो? बीएमआय म्हणजे वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, नववीतल्या पोराला येतं ते. माझी उंची १५७ सेंटीमीटर. पहिल्या कागदावर वर कोपऱ्यात बारीक अक्षरात १५१ लिहिलंय, दुसऱ्यावर १६१. अंगठा होता ना, तिथेच! अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तीन आठवड्यांत दहा सेंटीमीटर उंच झाले मी. खऱ्या उंचीने हिशोब केला तर ३०.१ वरून २९.४, बस. आणि ती मशीन स्नायूंचा अंदाजही उंचीवरूनच काढते, उंची जास्त टाकली की मसल आपोआप जास्त. घरी मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "आई, तू वाढलीस का?" नवरा आधी हसला आणि मग माझ्याकडे बघून गप्प बसला, ते हसण्यापेक्षा वाईट.

मला हे तिथेच दिसायला हवं होतं असं सगळे म्हणतात. कसं दिसणार? चष्मा लॉकरमध्ये, ट्रेडमिलवरून नुकती उतरलेली, अंगठा कोपऱ्यावर, आणि माणूस आपला सुधारलेला आकडा बघतो की स्वतःची उंची तपासतो? दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासते मी, सगळ्यात आधी तारीख आणि पार्टीचं नाव बघते. स्वतःची उंची हा तपासायचा आयटम असतो हे कुणाच्या डोक्यात येईल. तर तुम्ही मशीनचा निकाल बघू नका, आधी त्यांनी आत काय भरलंय ते बघा, वय, उंची, बाई की पुरुष. आणि घरात शिवणकामाची टेप असतेच, दर दोन आठवड्यांनी सकाळी कमर मोजा, टेपमध्ये कुणाचा अंगठा येत नाही.

ते १.८ किलो सुद्धा चरबी नव्हतीच बहुतेक. पोळी बंद, भात बंद, सकाळ-संध्याकाळ दुधीचं सूप आणि दोन स्कूप पावडर, असा डाएट. पिष्टमय खाणं बंद केलं की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर त्याला धरून राहिलेलं पाणी जातं, काटा खाली येतो, कोच टाळ्या वाजवतो. मी मात्र पर्वतीच्या १०३ पायऱ्या, ज्या आधी न थांबता चढायचे, तिथे निम्म्यात बसले. कॅप्सूल सुरू केल्यावर रात्री छातीत धडधड. डॉक्टरांनी लेबल बघितलं, "प्रोप्रायटरी ब्लेंड" एवढंच लिहिलेलं, कशात काय किती ते नाही. म्हणाले आजच बंद करा, आणि बीपी लिहून ठेवा. बीपी, थायरॉइड, हृदयाचं काही असेल तर अशा कॅप्सूलच्या वाटेलाही जाऊ नका बायांनो.

पावडरचा डबा घरी नीट बघितला तेव्हा एक स्टिकर दुसऱ्या स्टिकरवर चिकटवलेला निघाला, नखाने कोपरा उचलला तर खाली जुनी मुदत. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. घटक उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे डब्यात सगळ्यात जास्त काय तर स्वस्तातलं पिष्टच, ज्याच्या भीतीने माझी पोळी बंद केली तेच, ४,२०० रुपयांना! एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा, नंबर १४ आकडी असतो, यावर तेराच होते. मोजा हो, दुकानात उभं राहून मोजा, आणि ऑनलाइन टाकून कंपनीचं नावही बघा.

पाचव्या आठवड्यात काचेच्या दारावर "रिनोव्हेशन" असा कागद, मग दारच बंद, मग कोचचा फोन बंद. गाशा गुंडाळला. बिलावरचा जीएसटी नंबर टाकून बघितला (१५ अक्षरी, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पोर्टलवर फुकट बघता येतो), रजिस्ट्रेशन माझ्या बिलाच्या कितीतरी आधीच रद्द झालेलं. म्हणजे ते ६,८४० रुपये सरकारच्या नावाने सरळ खिशात. तेव्हा जिमवर १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झालाय, कुणी अजून १८ लावत असेल तर तिथेच विचारा.

आणि आता साहेब लोक. चौकीत गेले तर "ताई, चार आठवडे व्यायाम केलात ना, मग फसवणूक कसली?" असं उत्तर. मी दोन्ही कागद पुढे ठेवले, उंची दाखवली, त्यांनी कागद उलटा-सुलटा करून विचारलं "मग तुमची खरी उंची किती?" म्हणजे तपास माझाच. मग म्हणे हा सिव्हिल मॅटर. मग म्हणे स्टुडिओ रस्त्याच्या पलीकडे, तिकडची हद्द. पलीकडे गेले तर तुम्ही राहता तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीत घ्यावी लागते, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, हे मी वाचून गेले होते. बोलले तर "वकील आहात का?" नाही हो, अकाउंटंट आहे. शेवटी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, शिक्का "साहेबांच्या कपाटात". मी बाकावर बसून राहिले, डबा काढून जेवलेसुद्धा तिथेच, तेव्हा शिक्का सापडला. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, लक्षात ठेवा.

पावडरचा डबा घेऊन दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात गेले तर डबा उघडलेला आहे म्हणून चालणार नाही. अहो, न उघडता मला कळणार कसं आत काय आहे? आणि बिलावर "वेलनेस सर्व्हिसेस" लिहिलंय, पावडर लिहिलेलं नाही, म्हणजे पावडर विकलीच नाही. हेल्पलाइनवरची मुलगी, ओटीपी तुम्हीच दिलात ना मग फ्रॉड कसा. जीएसटीवाल्यांनी पोर्टलवर टाका सांगितलं, पोर्टलवर टाकलं, पोर्टलने नंबर दिला, नंबरचं पुढे काही नाही. फायनान्स कंपनी तर वरताण, "सर्व्हिस मिळाली नाही हा तुमचा आणि मर्चंटचा प्रश्न", आणि हप्ता एक दिवस चुकला की रिकव्हरीवाल्याचा ऑफिसच्या वेळेत फोन. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडेल या भीतीने मी बंद जिमचे हप्ते भरले. पैसे घेताना एक ओटीपी पुरतो, परत मागताना आधार, पॅन, बिल, शपथपत्र, आणि वर "उद्या या". टॅक्स भरताना मात्र कुणी हद्द विचारत नाही आपल्याला!

जे चाललं ते एवढंच. फायनान्स कंपनीला लेखी तक्रार दिली, ३० दिवसांत धड उत्तर नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन टाकली, तिथे प्रलंबित आहे. ग्राहक आयोगात ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून केस टाकली, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. तारखा पडतायत. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केलेली असली तर बरं पडतं.

व्यायाम चालू आहे, मध्ये कुणीतरी खवचटपणे विचारलं म्हणून सांगते. सोसायटीच्याच जिममध्ये दोन दिवस डंबेल, रोज टेकडी (सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या की टेकडी फुकट आहे, त्या आता रोज म्हणतात), पोळी चालू, आणि डाळ, अंडी, पनीर, ताक, भिजवलेले हरभरे. पाच हजाराच्या आत होतं सगळं. चार महिन्यांत कमर खरोखर पाच सेंटीमीटर उतरली, आणि उंची अजून १५७ च आहे.

त्याच स्टुडिओत पैसे भरलेल्या आणखी बायका आहेत हे मला माहितीय, माझी जाऊच १,४९९ देऊन आलेली, पण लाजेपायी कुणी पुढे येत नाही. एकाच प्रकारची तक्रार असेल तर आयोगाच्या परवानगीने मिळून एकच केस करता येते. तुमचे कागद काढा, उंची बघा, आणि पावत्यांचे आजच फोटो घ्या, थर्मल कागदावरची शाई उडते, माझी १,४९९ ची पावती आताच अर्धी पांढरी झालीय.