पूर्णाकाठच्या रस्त्यांवर जुनी स्विफ्ट: दीड वर्षाच्या वापरानंतर

मला गाडी दोन कारणांसाठी हवी होती. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावाहून परतवाड्याला नोकरीसाठी रोज ये-जा करायची होती, आणि गाडी चालवण्याचा आनंदही हवा होता. पंचविशीतल्या मुलीने हे दुसरे कारण उघडपणे सांगितले की घरातली मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. बाबांनी मात्र पाच लाखांची मर्यादा घातली आणि निवड माझ्यावर सोपवली. त्या मर्यादेत मी २०१८ सालची, मॅन्युअल गिअरची पेट्रोल स्विफ्ट घेतली.

त्याआधी वेगासाठी नावाजलेल्या दोन जुन्या गाड्या मी चालवून पाहिल्या होत्या. बलेनो आरएसमध्ये १०२ पीएसचे (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) एक लिटरचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. पण २०१७ ते २०२० एवढीच वर्षे विकली गेल्यामुळे चांगल्या स्थितीतली सापडणे अवघड होते. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयने तर मला मोहातच पाडले. १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, आणि तोही इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास मिळणारा, त्यामुळे पाय जरासा दाबला तरी गाडी झेपावते. परंतु तिचा डीएसजी, म्हणजे सात गिअर आपोआप बदलणारा गिअरबॉक्स, हा दोन क्लचचा नाजूक कारभार आहे. आमच्या गावच्या मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडून पाहिले आणि म्हणाले, "गाडी एक नंबर हाय पोरी, पन बिघडली तं इथं कोनी खोलनार नाही, टोचन लावून अमरावतीले न्या लागन." रोज कामावर जायचे असल्यामुळे मला त्यांचे म्हणणे पटले.

स्विफ्टचे १.२ लिटरचे इंजिन ८३ पीएसचे, म्हणजे कागदावर सामान्यच. खरी गंमत तिच्या वजनात आहे. सुमारे ८७० किलोची ही गाडी हजार किलोंच्या वर असलेल्या पोलोपेक्षा वळणावर कितीतरी चपळ वाटते. टॉर्कचा कळस ४२०० फेऱ्यांवर येत असल्यामुळे गिअर हाताने बदलत इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवावे लागते, आणि माझ्या मते नवीन चालक गाडी शिकतो तो इथेच. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात शिरल्यावर वळणापूर्वी ब्रेक, तिसऱ्यातून दुसरा, क्लच सोडताना ॲक्सिलरेटरचा हलका स्पर्श आणि मग चढावर पुन्हा तिसरा, हे सगळे ताशी चाळीस-पन्नासच्या आतच घडते. घाट मेळघाटच्या जंगलातून जातो, तेव्हा तिथे याहून अधिक वेगाची गरजही नाही आणि तो योग्यही नाही.

आमच्या भागातील रस्ते हा वेगळाच विषय आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर साठच्या पुढे स्विफ्टचे मागचे चाक उड्या मारू लागते आणि मागे बसलेल्या आजी तक्रार करतात, ती रास्त आहे. जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर आहे. चौघे बसून डिकीत सरकीची पोती असली की गावच्या वेशीवरचा गतिरोधक तिरपाच ओलांडावा लागतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि रोह्यांचे (नीलगाईंचे) कळप यांची धास्ती कायम असते. गेल्या डिसेंबरमध्ये समोरून आलेल्या ट्रकच्या झोतामुळे कापसाने शिगोशिग भरलेली ट्रॉली मला अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक पूर्ण दाबला तेव्हा पेडल पायाखाली थरथरले, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसने काम केले, आणि ट्रॉलीबाहेर लोंबणारा कापूस बॉनेटपासून हातभर अंतरावर राहिला. त्यानंतर मी रात्रीचा वेग पन्नासवर आणला आणि पहिला खर्च टायरांवर केला. संगीत यंत्रणा आणि अलॉय व्हील तशीच मागे पडली.

जुनी गाडी घेताना मीटरवर विश्वास ठेवू नये, हेही मी अनुभवाने सांगते. एका विक्रेत्याने दाखवलेल्या गाडीचा मीटर ४२,००० किलोमीटर सांगत होता, पण क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले होते. मी सर्व्हिसिंगची नोंद मागवली, तर दोन वर्षांपूर्वीच ती गाडी ७८,००० च्या पुढे गेलेली निघाली. शेवटी मी एका निवृत्त शिक्षकांची गाडी सगळ्या पावत्यांसह घेतली. विम्याची चिंता मात्र फारशी नसावी, कारण आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता चालकाचे वय पाहून नव्हे, तर इंजिनाच्या सीसीवर ठरतो.

एक उणीव मात्र मी लपवणार नाही. २०१८ च्या ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत या स्विफ्टला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते, आणि तिचा हलकेपणा मला कितीही आवडत असला तरी तो निकाल त्याने पुसला जात नाही. मी बहुतेक वेळा एकटी चालवते, म्हणून ही तडजोड मी विचारपूर्वक स्वीकारली. ज्यांच्या गाडीत लहान मूल रोज बसणार असेल, त्यांनी चपळपणा थोडा सोडून २०२० मध्ये त्याच चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळवलेली टाटा अल्ट्रोज आधी पाहावी.