भाजलेल्या जखमेवर मध की चांदीचं मलम?

सिल्व्हर सल्फाडायझिन हे पांढरं मलम 1968 पासून वापरात आहे. जंतूंना ते रोखतं, पण जखमेवर चिकट थर धरतं. मग भाजणं किती खोल आहे हे डॉक्टरांना नीट दिसत नाही, आणि वरवरची जखम भरायला उलट उशीर लागतो. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते वापरायचंच नाही.

मधाची बाजू आपल्या सोलापूरच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजातून जगापुढे आली. डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 104 रुग्णांचे दोन गट केले. मधाच्या गटात 87 टक्के जखमा 15 दिवसांत भरल्या, मलमाच्या गटात 10 टक्के. हा अभ्यास 1991 चा, आणि तेव्हा जुन्या घरगुती उपायाला पहिल्यांदाच एवढं वजन आलं असं मला वाटतं. मध जखमेतलं पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, शिवाय त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड हा जंतू मारणारा पदार्थ हळूहळू सुटतो.

वरवरच्या जखमेला मी मधच निवडेन, पण निर्जंतुक केलेला, डॉक्टरांच्या हातून. स्वयंपाकघरातल्या बरणीतला नको. खोल जखमेत मात्र दोन्ही मागे पडतात. मृत त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणं मधापेक्षा सरस, हे सुब्रह्मण्यम यांनीच पुढे दाखवलं. आणि भाजल्या क्षणी दोन्ही विसरा, 20 मिनिटं नळाचं वाहतं पाणी.