बॉक्सिंग ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन: तीन स्टार, तेही रिप्लेमुळे

ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण अशी सगळी ॲपं थोड्याफार फरकाने एकाच माळेचे मणी आहेत. पण वर्षाचे पैसे एकदम भरायचा विचार असेल तर आधी हे वाचा. ज्या चॅम्पियनचा भलामोठा फोटो बघून मी पैसे भरले तो माझ्या वर्षात तिथे एकदा लढला. एकदाच! तेही अशा माणसाशी ज्याचं नाव मला शोधावं लागलं, आणि तो बिचारा चौथ्या राऊंडला आडवा.

आधी चांगलं सांगतो. पिक्चर स्वच्छ, मेन इव्हेंटलाही अडकत नाही. जुन्या मॅचचा साठा बरा आहे, १९८५ ची हॅगलर-हर्न्स मी किती वेळा लावली असेल देव जाणे, तिसऱ्या राऊंडलाच संपते पण आजच्या बारा राऊंडच्या चार मॅच त्यावरून ओवाळून टाकाव्यात. आणि रिप्ले. पाव स्पीडला लावता येतो, एकेक फ्रेम पुढे-मागे करता येते, हे ज्याने टाकलं त्याला दंडवत. ऑगस्ट २०२३ ची पोलंडमधली उसिक-डुबोआ मॅच, पाचवा राऊंड, मी आणि माझा एक मित्र तासभर डुबोआच्या त्या एका पंचवर अडकलो होतो. ग्लोव्ह शॉर्ट्सच्या पट्ट्यावर लागतो की पट्ट्याखाली? तो म्हणे "अरे पट्ट्यावरच आहे, लीगल आहे, नॉकआऊट होता तो", मी म्हणे पट्टा बघ ना किती वर ओढलाय, बेंबी कुठाय सांग. फ्रेम पुढे, फ्रेम मागे. रेफरीने लो ब्लो, म्हणजे कमरेखालचा पंच, धरून उसिकला सावरायला जवळजवळ चार मिनिटं दिली आणि नवव्यात उसिकनेच मॅच संपवली. पुढे जुलै २०२५ ला वेम्बलीत परत भिडले, उसिकने पाचव्यातच झोपवलं, तरी आमचा गडी अजून म्हणतोच की पोलंडमध्ये चीटिंग झाली. असो.

आता खरी तक्रार. दर आठवड्याला 'पुढची मॅच कोणाशी' असा एक तासभराचा शो असतो, सबस्क्रिप्शन घ्यायचं एक कारण तोच होता. दोन-तीन महिने बघितल्यावर पॅटर्न कळतो. दुसऱ्या प्रमोटरचा, म्हणजे मॅच भरवणाऱ्याचा, चॅम्पियन एखादी मॅच घेत नसेल तर तो 'डक करतोय', घाबरला, पळाला. ह्यांच्या स्वतःच्या चॅम्पियनने तेच केलं की लगेच "बिझनेसची बाजूही समजून घ्यायला हवी". च्यायला, एवढं साधं सांगा ना की समोरच्याचं कॉन्ट्रॅक्ट दुसरीकडे आहे, त्याच्या मॅच दुसऱ्या ठिकाणी दिसतात, म्हणून अडलंय. क्रॉफर्ड-स्पेन्स अशीच वर्षानुवर्षं लटकली, दोघांचे प्रमोटर वेगळे होते, क्रॉफर्ड आपल्या प्रमोटरला सोडून बाहेर पडला आणि मग जुलै २०२३ मध्ये झाली एकदाची, नवव्यात रेफरीने थांबवली, क्रॉफर्ड जिंकला, एकतर्फी. मेवेदर-पॅकियाओची बोलणी २००९ ला सुरू झाली आणि मॅच २०१५ ला. सहा वर्षांत दोघेही उताराला लागलेले. हे सगळ्यांना माहितीय, फक्त त्या शोमधल्या दोघांना माहीत नाही.

मँडेटरीचं, म्हणजे चॅम्पियनला ज्याच्याशी लढावंच लागतं त्याचं, पान मात्र कामाचं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, बेल्ट देणाऱ्या या चार संस्थांचे चॅम्पियन कोण आणि रांगेत कोण, एका नजरेत दिसतं. नवीन माणसाला यातूनच राजकारण कळतं की बेल्ट रिंगमध्ये जेवढे हातचे जातात तेवढेच टेबलावरही जातात. मेक्सिकोच्या कानेलोचंच बघा, आयबीएफचा बेल्ट त्याच्याकडे होता. २०२४ मध्ये आयबीएफचा मँडेटरी होता विल्यम स्कल, कानेलोने घेतली बर्लांगाशी मॅच, आयबीएफने बेल्ट काढून घेतला, तो रिकामा बेल्ट स्कलने जिंकला, आणि मे २०२५ ला रियाधमध्ये कानेलो त्याच स्कलकडून तोच बेल्ट परत घ्यायला उतरला! बारा राऊंडमध्ये दोघांनी मिळून फेकले ४४५ पंच, म्हणजे कॉम्प्युबॉक्स ही पंच मोजणारी कंपनी मोजायला लागल्यापासून बारा राऊंडच्या मॅचमधला नीचांक. मी ती अख्खी जागा राहून बघितलीय, माझा सत्कार करा. आणि ज्या बेनाविडेझशी मॅच व्हावी म्हणून लोक कंठशोष करत होते तो वाट बघून बघून वरच्या वजनगटात निघून गेला. त्यावर शोमध्ये काय? "टायमिंग जुळलं नाही." बरं.

फक्त ते पान वेळेवर अपडेट करत नाहीत. उसिकने नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्ल्यूबीओचा बेल्ट सोडला आणि संस्थेने वॉर्डलीला चॅम्पियन केलं, इथे कितीतरी दिवस जुनंच नाव. ह्यांच्या स्वतःच्या बॉक्सरची रँकिंग एक घर वर सरकली तर मात्र त्याच दिवशी नोटिफिकेशन.

कॉमेंट्रीबद्दल एवढंच की घरच्या पोराने जॅब हवेत मारला तरी "वाह", समोरच्याने बरगडीत हुक घातला तर शांतता. आवाज बंद करून बघा, तुमचं स्कोअरकार्ड आपोआप जजांच्या जवळ येतं. आणि हो, सबस्क्रिप्शन भरूनही मोठी मॅच आली की पे-पर-व्ह्यूचे पैसे वेगळे. हे साइन-अपच्या पानावर कुठेच ठळक लिहिलेलं नाही, मला पहिल्या मोठ्या मॅचला बॉक्सर रिंगकडे चालत येत असताना कळलं, तेव्हा माणूस भरतोच.

माझं मत विचाराल तर वर्षाचं घेऊ नका, महिन्याचं घ्या, आणि तेही मॅचआधी बॉक्सरांचं वजन झाल्यावर. पोस्टर लागलं म्हणजे मॅच झाली असं नसतं. डिसेंबर २०२४ ला जपानी चॅम्पियन इनोएची गुडमनशी मॅच होती, गुडमनची डोळ्यावरची कातडी सरावात फाटली, महिनाभर पुढे ढकलली तर परत तिथेच फाटली, शेवटी जानेवारीत ऐनवेळी कोरियाचा किम आला आणि चौथ्यात गेला. आधी पैसे भरलेल्यांनी काय ठरवून भरले आणि काय बघितलं!

ऑटो-रिन्यू मात्र पहिल्या दिवशीच बंद करा. बिलिंगच्या पानावर अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरात आहे, बटणासारखं दिसत नाही पण दाबलं जातं.