सांदण की नाणेघाट? भंडारदरा आणि जुन्नर यांतलं एक निवडायचं तर

सह्याद्रीचा कडा, एखादी खोल घळ आणि जोडीला थोडा इतिहास, तेही शनिवार-रविवारच्या सुट्टीत. मुंबई-पुण्याहून असा बेत आखायला बसलं की गाडी बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन अडते: अकोले तालुक्यातलं भंडारदरा, जिथे सांदण दरी आहे, आणि जुन्नर, जिथे नाणेघाट आहे. नकाशावर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून ग्रुपमध्ये कुणीतरी "एका दमात दोन्ही उरकू" असं म्हणतंच. उरकू नका. मध्ये हरिश्चंद्रगडाची आख्खी रांग आडवी पडली आहे आणि तिला वळसा घालण्यात अर्धा दिवस गाडीतच जातो.

कातळ दोन्हीकडे एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्यातून हा काळा बेसॉल्ट झाला, आणि पश्चिमेला तो एकदम तुटून कोकणात उतरतो. वेगळं आहे ते या कड्याला पडलेल्या फटींचं रूप. सांदणची फट इतकी अरुंद आणि पुढे इतकी तुटलेली, की लमाणांचे बैल सोडा, माणूसही दोराशिवाय खाली पोचत नाही. तिथून कधी व्यापार झाला नाही, त्यामुळे कुणी लेणं खोदलं नाही की चौकी बसवली नाही. नाणेघाटाची खिंड मात्र चढाउताराला सोयीची होती. दोन हजार वर्षांपूर्वी माल तिथून वर यायला लागला आणि मागोमाग जकात, लेणी, शिलालेख, राखणीचे किल्ले, शेजारी भरभराटीला आलेलं शहर, असं सगळं उभं राहिलं. तेव्हा प्रश्न असा विचारा: खडकाच्या पोटात शिरायचंय, की खडकावर लिहिलेलं वाचायचंय? बाकीची निवड त्यावरून पुष्कळशी आपोआप होते.

आधी महिना बघा

आवडीनिवडीच्या आधी कॅलेंडर बघा. पावसाळ्यात सांदण बंद असते आणि ते योग्यच आहे. आजूबाजूच्या पठाराचं पाणी त्या फटीत शिरतं आणि आत अडकलेल्याला वर चढायला जागाच नसते. तरी दर जुलैला "सांदणला जायचंय, कुठला गाइड मिळेल?" अशी विचारणा सुरू होते. जून ते सप्टेंबर भंडारदऱ्याला जायचं असेल तर ते धबधब्यांसाठी, धुक्यासाठी, हिरव्या डोंगरांसाठी जा. सांदण डोक्यातून काढून टाका. दरीत उतरायचं तर पाऊस पूर्ण थांबून आतलं पाणी ओसरल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च.

नाणेघाटाचं उलट. तो पावसातच रंगात येतो. कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून वर उसळतो आणि खाली पडणारं पाणी फवाऱ्यासारखं परत वर उडवतो. हाच तो 'उलटा धबधबा'. गर्दीही त्याच महिन्यांत. सुट्टीच्या दिवशी अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, कधी प्रशासन निर्बंध घालतं, आणि धुकं दाट असलं तर कड्यावर उभं राहून पांढऱ्या भिंतीकडे बघत बसावं लागतं. मधल्या वारी जमत असेल तरच पावसात नाणेघाट करावा, असं माझं मत. लेणं आणि शिलालेख नीट बघायचे तर हिवाळा उत्तम.

मे अखेर ते जूनचा मध्य हा भंडारदऱ्याचा वेगळाच हंगाम: काजव्यांचा. घाटघर, पुरुषवाडी या भागात हिरडा, सादडा, बेहडा अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. दृश्य विलक्षण आहे यात शंका नाही. पण गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च आणि मोठ्याने लावलेली गाणी यांच्यातून काजवे शोधावे लागत असतील, तर आपण तिथे न जाणं हीच त्यांना मदत.

सांदण: आत गेल्यावर

साम्रद गावापर्यंत गाडी जाते. तिथून थोडं चालत गेलं की पठाराची सपाटी अचानक फाटते आणि वाट त्या फाटीत उतरते. दोन्ही बाजूंना सरळ भिंती. दरीची लांबी सुमारे दोन किलोमीटर आणि खोली काही ठिकाणी २०० फुटांच्या घरात सांगतात. काही जागी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. पायाखाली वाट अशी नाहीच, नुसता धोंड्यांचा खच. काही धोंडे खोलीएवढे, काही पाय ठेवताच डुगडुगणारे, आणि मध्येच वरून निसटून दोन भिंतींत अडकून राहिलेली एखादी शिळा डोक्यावर. ऊन तळापर्यंत फारसं पोचत नाही, त्यामुळे भर दुपारीही आत गारवा असतो आणि बोललेलं घुमतं.

वाटेत पाण्याचे दोन टप्पे लागतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी कमरेपर्यंत, कधी त्याहून वर; उन्हाळ्याकडे ते घोट्यावर येतं. बॅग डोक्यावर घेऊन त्या गार पाण्यातून जाताना निम्म्या ग्रुपचा उत्साह ओसरतो आणि उरलेल्यांचा वाढतो. पुढे फट रुंदावते आणि एकदम कोकण समोर येतं. तिथून कड्याच्या टप्प्यांवरून दोर लावून उतरत खालच्या डेहणे गावाकडे जाता येतं, पण ते अनुभवी लोकांबरोबर आणि पूर्ण साहित्यानिशी करायचं काम. बहुतेकांनी टोकापर्यंत जाऊन आल्या वाटेने परत फिरावं. परत फिरणं कमीपणाचं नाही. ज्या धोंड्यांवरून उतरलो त्यांच्यावरूनच चढायचं असतं आणि तेवढ्यानेच मांड्या बोलायला लागतात.

सांदणला सोय करून घेता येत नाही, हे तिचं मोठेपण आणि तीच अडचण. गुडघे दुखणारी आई, चार वर्षांचं पोर, चपला घालून आलेला मित्र, यांच्यासाठी इथे अर्धवट असा पर्याय नाही. ते वर थांबतील आणि तुम्ही आत जाल, एवढंच.

भंडारदऱ्याच्या झोळीत आणखी काय

बरंच आहे. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर एवढ्यासाठीसुद्धा मी हा पट्टा सुचवेन. शिलाहार काळातलं, भरगच्च कोरीवकामाचं हे देऊळ जलाशयाच्या काठी एका छोट्या गावात उभं आहे, आणि जवळच कोनाड्यांमध्ये मूर्ती असलेली देखणी पुष्करणी आहे. वर रतनगड: १२९७ मीटर उंची, शिड्या, आणि माथ्यावर खडकाला आरपार पडलेलं नेढं. नेढ्यात बसलं की वारा अंगातून जातो. ट्रेक पूर्ण दिवसाचा धरा.

कळसूबाई (१६४६ मीटर) महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर म्हणून बारी गावातून लोक रांगेने चढतात. लोखंडी शिड्या आहेत, वाट चुकायची भीती नाही, सुट्टीच्या दिवशी एकांताची अपेक्षा ठेवू नका. भंडारदऱ्याच्या धरणाचा इतिहासही विसरू नये. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालेलं हे विल्सन धरण देशातल्या जुन्या मोठ्या दगडी धरणांपैकी एक. रंधा धबधबा पावसात किंवा धरणातून पाणी सुटल्यावरच बघण्यासारखा.

हा महादेव कोळ्यांचा मुलूख. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याला फाशी दिली. म्हणजे इतिहास इथेही आहे, पण तो विखुरलेला: एक देऊळ इथे, एक गड तिथे, एक गाव तिसरीकडे. सलग धागा पकडायचा असेल तर जुन्नर.

नाणेघाट: न वाचता गेलात तर दगडच दिसेल

नाणेघाटातलं लेणं पहिल्या नजरेला निराश करतं. एक चौकोनी खोली, तीन बाजूंना दगडी बाक, भिंतींवर ओरखडे. आठ-दहा मिनिटांत सेल्फी काढून बाहेर पडणारे खूप. पण ते ओरखडे म्हणजे सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख. त्यात राजघराण्याने केलेले यज्ञ एकामागून एक नोंदवले आहेत, अश्वमेध, राजसूय वगैरे, आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा म्हणून किती गाई, किती हत्ती, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले त्याचे आकडे. हे आकडे शब्दांत नाहीत, अंकचिन्हांत आहेत. भारतीय अंकांच्या सगळ्यांत जुन्या पुराव्यांमध्ये त्यांची गणना होते. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते अंक उलगडले.

मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. आता त्या गेल्या. नावं उरली आहेत. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भायल. मूर्ती फुटली तरी नाव टिकलं, असा प्रकार महाराष्ट्रात इतक्या जुन्या काळातला दुसरा पटकन आठवत नाही. लेखाचं वाचन आणि मराठी अर्थ मोबाइलवर उतरवून न्या. समोर भिंत, हातात अर्थ, असं उभं राहिलं की त्या खोलीतून पाय निघत नाही.

बाहेर घाटमाथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. पलीकडे नानाचा अंगठा नावाचा कडा, बाजूला जीवधन आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका. कोकणातून चढायचं तर कल्याण-मुरबाड रस्त्याने वैशाखऱ्याजवळ उतरून दोन-तीन तासांत वर येता येतं. व्यापारी यायचे तीच वाट. माझ्या मते नाणेघाट खरा कळतो तो असा खालून चढल्यावरच. जुन्नरहून मात्र सुमारे ३० किलोमीटर गाडी चालवली की थेट माथ्यावर. आईवडील, पोरं, सगळे पोचतात.

आणि जुन्नर

जुन्नरचा मोठा फायदा हा, की एक ठिकाण हुकलं तर दुसरं जवळच असतं. धुकं आहे? शिवनेरी करा. गावाला लागूनच गड, बांधलेली वाट, एकामागून एक सात दरवाजे, वर शिवाई देवी, गंगा-जमुना टाकी आणि १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराज जन्मले ती वास्तू. पाय दुखतात? लेण्याद्रीला अंदाजे तीनशे पायऱ्या आहेत, पण डोलीची सोय मिळते. वर गिरिजात्मज गणपती आहे तो मुळातल्या बौद्ध विहारात. खांब नसलेला प्रशस्त मंडप आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या बघितल्या की ते लगेच लक्षात येतं. बहुतेक जण दर्शन घेऊन उतरतात. शेजारचं चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं) न बघता उतरू नका.

गर्दी नकोशी असेल तर तुळजा लेणी. तिथलं चैत्यगृह गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती बारा साधे खांब, असा नमुना फार दुर्मीळ. जुन्नरच्या भोवती सगळे गट धरून दोनशेहून जास्त लेणी आहेत; एवढी लेणी एका शहराभोवती का, याचं उत्तर पुन्हा नाणेघाटातच सापडतं. चावंड आणि हडसर हे गड अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे. पूरचं कुकडेश्वर मंदिर चावंडच्या वाटेवर, ते त्याच दिवशी जोडावं.

निसर्गाच्या बाबतीत जुन्नर कमी पडतं का? घळीच्या थरारात, हो. सांदणच्या तोडीचं इथे काही नाही. माळशेज पावसात सुंदर, पण तो रस्त्यावरून बघायचा घाट आहे आणि दरड कोसळण्याची भीती कायमची.

कुणी कुठे जावं

धडधाकट तरुण ग्रुप, हिवाळा, अंगमेहनतीची हौस: भंडारदरा, डोळे मिटून. एक दिवस सांदण, दुसऱ्या दिवशी रतनगड किंवा नुसतं अमृतेश्वर आणि जलाशयाचा काठ. घरातले तीन पिढ्यांचे लोक, किंवा इतिहासाचं वेड असलेलं एखादं माणूस सोबत: जुन्नर, कुठल्याही महिन्यात. पावसाळा आणि फक्त भिजायचंय: दोन्ही सारखेच, मग पुणेकरांना जुन्नर जवळ (सुमारे ९५ किलोमीटर) आणि मुंबईकरांना कसारा-घोटीमार्गे भंडारदरा सरळ, एवढाच हिशेब.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला एकच सुचव म्हणाल तर मी जुन्नर सांगेन, जरी मला स्वतःला सांदण जास्त आवडत असली तरी. सांदण हुकली की भंडारदऱ्याची सहल निम्मी होते. नाणेघाट हुकला तरी जुन्नरची होत नाही.

जेवणखाणाचं म्हणाल तर जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात खाणावळी भरपूर, मासवडी मागून खा. साम्रद-रतनवाडीत गावातल्या घरी सांगून ठेवलं तरच भाकरी-पिठलं मिळतं, आयत्या वेळी नाही. भंडारदऱ्याजवळचं शेंडी गाव सोडल्यावर मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणून रोख पैसे जवळ ठेवा, आणि सांदणला स्थानिक वाटाड्या घ्याच. ओल्या धोंड्यांवर कुठे पाय ठेवायचा हे त्याला ठाऊक असतं.

दोन्ही थोडं-थोडं हवंच असेल तर हरिश्चंद्रगड हा मधला मार्ग. अकोले तालुक्याच्या बाजूने पाचनई, जुन्नरच्या बाजूने खिरेश्वर. पाचनईची वाट सोपी. वर हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव मंदिर, गार पाण्यात उभं केदारेश्वराचं लिंग (भोवतीच्या चार खांबांपैकी आता एकच शाबूत), आणि संध्याकाळी कोकणकडा. मुक्काम करायचा असेल तर परवानगीची चौकशी आधी करा, नियम बदलत असतात.

आणि मोबाइलच्या नकाशात 'घाटघर' टाकताना तालुका तपासा. एक घाटघर भंडारदऱ्याच्या पलीकडे, दुसरं जीवधनच्या पायथ्याशी. नाणेघाटाला निघालेला माणूस चुकीचं घाटघर निवडून थेट अकोले तालुक्यात पोचू शकतो, आणि तिथून मागे फिरायचं म्हणजे दिवस गेलाच.