राजदूत ३५०, आठ महिन्यांच्या वापरानंतर: सीज का होते आणि का होत नाही

राजदूत ३५० ही जुनी मोटारसायकल म्हटली की दोनच गोष्टी कानावर येतात: पेट्रोल पिते आणि सीज होते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. पहिली खरी. हाय टॉर्क मॉडेल (दोनपैकी जास्त ताकदीचं) शहरात लिटरला १८ ते २० देतं, घाटात हात सैल सोडला तर त्याहूनही कमी. दुसरी मात्र इंजिनावर नाहक लागलेली बदनामी आहे. सीज होण्यामागे बहुतेक वेळा नको तिथून शिरलेली हवा असते, नाहीतर सरकलेलं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ.

मुळात ही यामाहाची टू-स्ट्रोक आरडी ३५०, १९७३ची. एस्कॉर्ट्सने ती १९८३पासून इथे बनवली. ६४ मिमी बोअर, ५४ मिमी स्ट्रोक, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. तिच्या आधीच्या आर ५मध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण थेट पिस्टनच्या कडेने आत येई, त्यामुळे खालच्या आरपीएमला गाडी मरगळलेली असे. यामाहाने १९७२मध्ये डीटी २ या मातीतल्या गाडीला रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आतच जाऊ देणारी पातळ झडप) दिला आणि पुढच्याच वर्षी तो आरडीत आणला. म्हणजे रस्त्यावरच्या या रॉकेटला दम मिळाला तो ऑफ-रोड गाडीकडून. जपानी आरडीची ताकद ३९ बीएचपी होती. आपल्या हाय टॉर्कला ३०.५ आणि लो टॉर्कला सुमारे २७ उरली. तरीही साडेचार-पाच हजार आरपीएमच्या पुढे गाडी जे खेचते, ते कागदावरच्या आकड्यात मावत नाही.

आता हवेचं. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) डाव्या टोकाला, मॅग्नेटच्या मागे, एक ऑइल सील असतं. चाळीस वर्षांत त्याचं रबर दगड होतं. ते फाटलं की डावा सिलिंडर तिथून कोरडी हवा ओढतो, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. ओळख सोपी: थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच उतरत नाही, वर टांगून राहतो. उजव्या टोकाचं, क्लचकडचं सील गेलं तर उलट होतं. गिअर ऑइल जळतं, उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि केसमधलं ऑइल गुपचूप कमी होत जातं. कार्ब (कार्बोरेटर) आणि रीडच्या मधले रबर बूटही वाकवून तडे बघून घ्या.

जुनी गाडी घेतली की पहिलं काम प्रेशर टेस्ट. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरा. सहा मिनिटं टिकायला हवी. उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. दहाच्या वर जाऊ नका, चांगलं सीलही बाहेर ढकललं जाईल. ही टेस्ट न करता नुसता बोअर-पिस्टन करणारे पुढच्या सीझनला पुन्हा त्याच बाकावर बसलेले दिसतात.

टायमिंग डायल गेजनेच. प्लगच्या भोकात गेज बसवा, टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) शोधा, पिस्टन २ मिमीपेक्षा जास्त खाली जाईल इतका क्रँक मागे फिरवा आणि पुढे आणत २.० मिमीवर थांबा. नेमक्या त्या क्षणी पॉइंट (उघडला की ठिणगी पाडणारा संपर्क) उघडला पाहिजे; मल्टीमीटरवर कळतं. गॅप ०.३ ते ०.४ मिमी. दोन्ही सिलिंडर वेगवेगळे लावायचे. कॅमवर घासणारा पॉइंटचा ठोकळा झिजला की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं, गाडी मंद होते. पण कानाने लावताना चुकून पुढे गेलं तर पिस्टनला भोक. कॅमच्या फेल्टला ग्रीस लावत राहा.

ऑटोल्युब पंप (वेगळ्या टाकीतून इंजिनाला ऑइल देणारा) काढून पेट्रोलच्या टाकीत ऑइल मिसळण्याचा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. तो ऐकू नका. लांब घाट थ्रॉटल बंद ठेवून उतरताना इंजिन फिरत असतं आणि पेट्रोल जवळजवळ येत नाही, म्हणजे त्यासोबतचं ऑइलही नाही. पंप मात्र क्रँकवर चालतो, म्हणून तेव्हाही ऑइल देत राहतो. ऑइलची टाकी एकदा रिकामी झाली की ब्लीड स्क्रू उघडून पंपाचं चाक हाताने फिरवा, बुडबुडे थांबेपर्यंत. पंपाचा किमान स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी, कमी असेल तर शिम (पातळ चकती) घाला.

आताचं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल हा वेगळा ताप. इथेनॉलने मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक-दोन नंबर वर नेऊन पाहावा लागतो. पूर्ण थ्रॉटलवर क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग पाहा: फिकट बदामी हवा, पांढरा दिसला तर तसंच पुढे चालवू नका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बचे बाऊल रिकामे करा. दोन्ही कार्बच्या स्लाइड (थ्रॉटलने वर जाणाऱ्या सरकत्या झडपा) एकदम उचलतात का हे छोटा आरसा धरून तपासा. एक मागे राहिली की पॉवर अर्धवट आणि कंपन दुप्पट.

ब्रेक ही या गाडीची खरी कमजोरी. जपानी आरडीला पुढे डिस्क होता, इथे ड्रम आला. थंड असताना ठीक, घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर लिव्हर हँडलला टेकायला लागतो. पुढच्या ड्रममधले दोन्ही शू एकाच वेळी टेकत नसतील तर असलेला ब्रेकही अर्धाच. दोन लिव्हरना जोडणाऱ्या दांडीचा लॉकनट सैल करा, दांडी फिरवून दोन्ही शू एकदम टेकवा, मग नट आवळा आणि शेवटी केबलचा ढिलेपणा काढा. क्रम उलटा केला तर काम परत करावं लागतं.