सुलेखन सुरेख, अर्थ चुकलेला: दादरच्या एका दुकानातील नावाची फ्रेम

माझ्या भाचीचे यजमान बल्गेरियाचे असून त्यांच्या मुलाचे नाव आजोबांवरून ‘गेओर्गी’ ठेवायचे ठरले. बारसे विलेपार्ल्यात होते, म्हणून मी दादर पश्चिमेच्या एका दुकानात ‘नाव आणि अर्थ’ अशी फ्रेम १,८०० रुपयांना करायला दिली. पाच दिवसांत ती घरपोच आली. सुलेखनाबद्दल तक्रार करायला जागाच नाही. ‘र्गी’वरचा रफार आणि वेलांटी एकमेकांत न अडकवता लिहिणे सोपे नसते, ते इथे फार सफाईने साधले आहे.

अर्थाच्या बाबतीत मात्र दुकानाने घोर निराशा केली. खालच्या ओळीत ‘रशियन नाव, अर्थ शूर योद्धा’ असे लिहिले होते. विचारल्यावर ‘आमच्या यादीत तसंच आहे’ एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक हे नाव ग्रीक ‘गेओर्गिओस’वरून आलेले आहे. ‘गे’ म्हणजे जमीन आणि ‘एर्गॉन’ म्हणजे काम; या दोहोंपासून झालेला ‘गेओर्गोस’ म्हणजे जमीन कसणारा, सरळ मराठीत शेतकरी. बल्गेरियनमध्ये येताना ग्रीक नावाच्या शेवटचा प्रत्यय गळाला, पण ‘ग’ शाबूत राहिला, म्हणून ‘जॉर्जी’ हा उच्चार तिथे चालत नाही. इंग्रजी जॉर्ज आणि रशियन यूरी ही याच मुळाची भावंडे आहेत. आपल्या सीएसएमटीजवळच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या नावातही तोच शेतकरी दडलेला आहे.

‘योद्धा’ कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. संत गेओर्गी हे चित्रांत घोड्यावर बसून भाल्याने अजगरासारख्या राक्षसी प्राण्याला मारताना दिसतात, आणि कोणीतरी ते चित्र पाहूनच नावाचा अर्थ लावला असावा. त्यांचा दिवस, गेर्ग्योवदेन, बल्गेरियात ६ मे रोजी साजरा होतो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि तोच तिथला सेनादिनही आहे, म्हणजे शौर्याचा संबंध अगदीच हवेतला नाही. परंतु लोकपरंपरेत हा संत मेंढपाळांचा आणि गुराढोरांचा राखणदार मानला जातो, घरोघरी कोकरू भाजले जाते आणि या नावाच्या प्रत्येकाला त्या दिवशी वाढदिवसासारख्या शुभेच्छा मिळतात. लाडाने त्याला ‘गोशो’ किंवा ‘झोरो’ म्हणतात.

मी हे सगळे एका कागदावर लिहून दिल्यावर दुकानाने जादा पैसे न घेता तीन दिवसांत दुसरी फ्रेम दिली, हे त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. हस्ताक्षरासाठी मी पाचपैकी पाच गुण देईन, अर्थासाठी एक. परदेशी नाव असेल तर मजकूर आपण स्वतः लिहून द्यावा आणि चौकट बसवण्याआधी कच्चा नमुना फोनवर मागवून घ्यावा. नव्या फ्रेममध्ये ‘शेतकरी’ हा शब्द हिरव्या शाईत आहे. जावईबापूंच्या वडिलांनी व्हिडिओ कॉलवर तो तीनदा वाचून घेतला.